प्री-अप्रूव्ड

दुपारी दीडला फोन येतो, रोज नव्या नंबरावरून.
मी पिकोच्या मशीनवर,
समोर कुणाच्यातरी डोहाळजेवणाची हिरवी साडी.
"मॅडम, आपल्याला पाच लाखांचं लोन प्री-अप्रूव्ड आहे."
बाई गं, मी मागितलं कधी?
माझ्या सासूने मला मंजूर करायला
अकरा वर्षं घेतली.

पाच लाख.
मनातल्या मनात ते मी आमच्या धनकवडीच्या
दीड खोलीत मांडून बघते:
एक फ्रीज, ज्याचं दार दोरीने बांधावं लागत नाही.
ह्यांची दाढ.
ओजसच्या कॉलेजची दुसरी टर्म.
पुढचे कुठे ठेवायचे सुचत नाही,
जागाच कमी आमच्याकडे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई म्हणायची.
तिला काय ठाऊक
अंथरूणच दर धुण्याला आटत जाईल.
मार्चमध्ये गुडघे दुमडले,
जूनमध्ये, फी भरली तेव्हा, कूस बदलली,
आता जवळजवळ बसूनच झोपते.

तेलाची पिशवी कापून रात्रभर डब्यावर उलटी टांगते,
सकाळी दोन चमचे निघतात.
दोन चमच्यांत एक फोडणी.
हसा. वर्षाच्या फोडण्या मोजल्यात मी,
कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.
मंडईत जाते ती रात्री साडेआठनंतर,
स्वारगेटपर्यंत बस, पुढे पाय.
तेव्हा गाळेवाल्यांचे गळे बसलेले असतात
आणि वीसची जुडी
घासाघीस न करता दहावर येते.

एकदाच केलं होतं धाडस.
ह्यांची भोसरीची नोकरी पक्की होती तेव्हा
हप्त्यावर टीव्ही आणला, भिंतीएवढा.
तिसऱ्या दिवाळीला टीव्ही गेला.
हप्ते आणखी सात महिने जगले.
त्या बंद काचेत आम्ही चौघं दिसायचो,
जेवताना,
बिनआवाजाचे.

आज मात्र पोरीचा आवाज मध्येच चिरकला.
खोकली. बाटली उघडल्याचा आवाज.
मी विचारलं, जेवलीस का?
हे तिच्या कागदावर नव्हतं.
"नाही अजून. टार्गेट आहे."
राहतेस कुठे?
"नऱ्ह्याला. कॉट बेसिसवर."
आणि तू घेतलंस का गं हे, प्री-अप्रूव्ड?

पलीकडे पंचवीस-तीस गळे
एकाच वेळी कर्ज वाटत होते,
त्यांतला एक थांबला.
"तीन चालू आहेत, काकू."

मॅडमची काकू झाले मी,
बिनव्याजी.

काय सांगणार? मला काय अक्कल मोठी?
म्हटलं, ज्याचं व्याज जास्त, ते आधी मार.
एक फेडायला दुसरं काढू नकोस,
ठिगळाला ठिगळ लावलं की
मूळ कापड कुठलं ते शिवणाऱ्यालाही कळत नाही,
मी शिवते, मला माहीत आहे.
आणि शनिवारी रात्री मंडईत ये,
पालेभाजीच्या कोपऱ्यावर असते मी.
जुडी अर्धी अर्धी करू.

"काकू, कॉल रेकॉर्ड होतोय," ती हळूच म्हणाली.
मग घसा खाकरून, कागदावरचं,
"तर मॅडम, आपण इच्छुक नाही असं टाकू का?"
टाक, म्हटलं.
इच्छा पुष्कळ आहेत. पण टाक.

शनिवारी मेथीची एक जुडी जास्त घेतली.
पावणेदहापर्यंत थांबले.
पिवळ्या ड्रेसातली एक आली, माझ्याकडे बघितलंही,
मग कोथिंबीर घेऊन गेली,
ती तीच होती की नव्हती कोण जाणे.
चेहरा कुठे ठाऊक होता.

एका जुडीची भाजी केली.
दुसरी निवडून खिडकीत पेपरावर पसरली आहे.
वाळली की वर्षभर टिकते.
येईल कधीतरी.